कॅनडात दूरचित्रवाणी पत्रकार होऊ पाहणाऱ्यांस

पुण्यातील मराठी वाहिनीवरील बातमीदारी आणि मुलांसाठी लिहिलेली कथापुस्तके यांच्या बळावर कॅनडात काम मिळेल का, असे आपण विचारले आहे. इयन हॅनोमॅन्सिंग यांना सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीवर बातम्या देताना पाहून आपली उमेद वाढली, असेही आपण लिहिता. त्यांच्याविषयी मलाही मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्यांची वाटचाल नीट पाहावी असे वाटते.

१८४५ पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेले गेलेल्या त्रिनिदादमधील भारतीय वंशाच्या समाजातले हॅनोमॅन्सिंग १९६१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे जन्मले. वाढले मात्र कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील सॅकव्हिल या छोट्या विद्यापीठ-गावात. तिथल्याच माउंट ॲलिसन विद्यापीठाची पदवी, डलहौसी विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण, शेजारच्या ॲम्हर्स्टमधील रेडिओ केंद्र, १९८६ मध्ये सीबीसी, मग हॅलिफॅक्स, टोरांटो, व्हँकुव्हर आणि २०१७ मध्ये ‘द नॅशनल’ या सीबीसीच्या मुख्य बातमीपत्राच्या चार निवेदकांपैकी एक, असा हा तीन दशकांहून मोठा प्रवास आहे. तिथले बोलणे, तिथले राजकारण, गावागावांतील हेवेदावे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. प्रौढ वयात येणाऱ्याला ते कष्टाने मिळवावे लागते.

पत्रकारितेसाठी कॅनडात परवाना लागत नाही. ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या कायम वास्तव्यासाठीच्या गुणाधारित अर्जपद्धतीत अनुभवाचे गुण मिळतात, पण ते वास्तव्यासाठी असतात, नोकरीसाठी नव्हे. त्यामुळे टोरांटोच्या पडद्यावर थेट झळकण्याची आशा न धरता लहान शहरांतील केंद्रांवर, कॅमेऱ्यामागील निर्मिती साहाय्यकाच्या कामापासून सुरुवात करावी आणि इंग्रजीत स्वतः लिहिलेल्या व वाचलेल्या बातम्यांची चित्रफीत आताच तयार ठेवावी. न्यू ब्रन्सविकचा विचार असेल तर फ्रेंच शिकाच. तो अधिकृतरीत्या द्विभाषिक असलेला एकमेव प्रांत आहे.

बालसाहित्याबाबत मी अधिक आशावादी आहे. त्रिनिदादमध्येच जन्मलेल्या, आफ्रिकी वंशाच्या फ्लोएला बेंजामिन १९६० मध्ये इंग्लंडला गेल्या, १९७६ पासून बीबीसीवर मुलांचा कार्यक्रम सादर करू लागल्या आणि १९९५ मध्ये त्यांनी स्वतःच्या बालपणीच्या स्थलांतराची कहाणी मुलांसाठी लिहिली. परकेपणाचा जो अनुभव बातमीदारीत आपली अडचण ठरेल, तोच या लेखनाचा ऐवज आहे. कायम निवासी झाल्यावर कॅनडा कौन्सिल या कलांना साहाय्य करणाऱ्या सरकारी संस्थेकडे अनुदानासाठी अर्जही करता येतो. मात्र निघण्यापूर्वी, आपल्या पुस्तकांच्या अनुवादाचे हक्क कोणाकडे आहेत, हे प्रकाशकाकडून लेखी घ्या.