तीर्थ कुठल्या हाताने घ्यायचं?

प्रिय चिनू,

परवा झोपताना तू विचारलंस, "बाबा, माझा डावा हात घाण आहे का?" मी नुसतंच "झोप आता" म्हणून दिवा घालवला. गिरगावात आरतीनंतर तू तीर्थाला डावा हात पुढे केलास आणि आज्जीने पळी मागे घेतली. "उजवा कर, बाळा." घर पाहुण्यांनी भरलेलं. तुला ते लागलं, मला दिसलं होतं.

घाण नाही रे. आम्ही टमरेल घेऊन चाळीच्या टोकाला संडासात जायचो. धुवायला डावा, जेवायला उजवा, हिशोब एवढाच. पुढे घरोघरी साबण आला, सवय राहिलीच. माझीही. इथे लंडनला दुकानात पैसे द्यायचे तर मी आधी उजव्या हातातली पिशवी खाली ठेवतो.

बंडूकाका पण डावरा. शाळेत बाईंची पट्टी बसायची, म्हणून लिहायला तेवढा उजवा. चाळीच्या क्रिकेटमध्ये मात्र त्याचा भाव वधारायचा. आमच्या लेगला तळमजल्याच्या खिडक्या. काच फुटली की आउट, वर शिव्या. काका उलटा उभा राहायचा, त्याचा पुल थेट मोकळ्या फाटकाकडे. टीम पाडताना त्याच्यावरून भांडणं व्हायची. सचिन बॅटिंग उजव्याने करायचा आणि लिहितो डाव्याने, हे काका अजून दर लग्नात कोणाला तरी ऐकवतो.

शंभरात साधारण १० माणसं डावरी असतात. हा कल पोटातल्या बाळातही दिसतो, कुठला अंगठा चोखतं त्यावरून. म्हणजे तू काही शिकून आलेला नाहीस.

आणि आज्जी? पुढच्या गणपतीत तिचे मोदक बघ. आत्या, काकू पारी डाव्या तळहातावर घेतात आणि उजव्या चिमटीने कळ्या पाडतात. आज्जीची पारी उजव्यावर, चिमटी डावी. लहानपणी तिचं सगळं वळण बदललं, लिहिणं, वाढणं, पूजा. कळ्यांकडे कोणाचं लक्ष गेलं नसावं.

मग तू काय करायचंस? गणपतीला चालत असावं. सिद्धिविनायकाची सोंड उजवी, पण घरी मूर्ती डाव्या सोंडेचीच हवी, हा आज्जीचाच हट्ट. तीर्थ घेताना उजव्याखाली डावा धरतातच. तेवढ्यापुरतं तिचं मन राखलंस तर मला बरं वाटेल. नाही राखलंस तरी मी बोलणार नाही. बहुतेक. लिहिणं, जेवणं, चित्रं मात्र डाव्यानेच, त्यात कोणी टोकलं तर मला सांग.

रविवारी फोन लागला की तिला कळ्यांचं विचार. फक्त 'घाण' म्हणू नकोस, रात्रभर झोपायची नाही ती.

तुझा,
बाबा