होलाशोव्हित्से: दोनदा रिकामं झालेलं चेक गाव

तुम्ही विचारलंय की प्राग आणि चेस्की क्रुमलोव्ह तर सगळेच सांगतात, पण चेक देशातलं एखादं अगदी छोटं गाव सांगा ज्याला इतिहासही आहे आणि बघायलाही काहीतरी आहे. माझं उत्तर होलाशोव्हित्से. दक्षिण बोहेमियात (बोहेमिया म्हणजे चेक देशाचा पश्चिमेकडचा मोठा भाग), चेस्के बुद्येयोव्हित्से शहरापासून पश्चिमेला साधारण १५ किलोमीटरवर. वस्ती दीडशेच्या आसपास. मी नोकरीनिमित्त प्रागला राहते, या गावी तीनदा जाऊन आलेय आणि दोन वर्षांपूर्वी आईबाबा आले होते तेव्हा क्रुमलोव्हचा एक दिवस कमी करून त्यांना इकडे नेलं होतं.

बसमधून उतरलात की गावात "शिरायला" फारसं काही नसतं, दोन मिनिटांत तुम्ही मधल्या मोठ्या गवताळ मैदानावर उभे असता. याला चेकमध्ये नावेस म्हणतात. लांबी २१० मीटर, रुंदी ७०, मध्ये एक छोटं तळं, एक चॅपल, जुनी लोहाराची भट्टी, थोडी झाडं, आणि चारही बाजूंनी घरं, सगळ्यांची तोंडं मैदानाकडे. घरांचा हा जो आराखडा आहे ना तो मध्ययुगापासून तसाच आहे, म्हणजे घरं कितीदा पडली नवीन झाली पण प्लॉटच्या हद्दी हलल्या नाहीत. १९९८ मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसा यादीत घेतलं त्याचं हे एक मोठं कारण, दुसरं म्हणजे घरांच्या दर्शनी भिंती, त्यावर येतेच.

आधी इतिहास सांगते कारण तो माहीत नसेल तर गाव फक्त फोटोपुरतं छान वाटतं आणि लोक अर्ध्या तासात निघून जातात, मला ते बघून वाईट वाटतं. गावाचा पहिला लेखी उल्लेख १२६३ चा. १२९२ मध्ये बोहेमियाचा राजा वात्स्लाव्ह दुसरा याने हे गाव विश्शी ब्रोदच्या सिस्टर्शियन मठाला (सिस्टर्शियन हा ख्रिस्ती साधूंचा एक पंथ) देऊन टाकलं, आणि तेव्हापासून १८४८ पर्यंत गाव मठाचंच होतं. साडेपाचशे वर्षं एकच मालक! मध्ये १५२० ते १५२५ या काळात प्लेग आला आणि गावात फक्त दोन माणसं जगली. दोन. बाकी सगळे गेले. त्यांना जिथे एकत्र पुरलं तिथे गावाच्या उत्तरेकडे एक स्तंभ आहे, तो बहुतेक जणांच्या नजरेतून सुटतो, पण मुद्दाम शोधून बघा. मग मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून शेतकरी आणून इथे वसवले, म्हणजे गाव चेक भाषेचं होतं ते हळूहळू जर्मन भाषेचं झालं. १८९५ ला गावात १५७ जर्मन आणि १९ चेक होते.

आता भिंती. १८४८ मध्ये ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग साम्राज्यात, बोहेमिया तेव्हा त्यातच होता, शेतकऱ्यांची वेठबिगार संपली. या वेठबिगारीला चेकमध्ये रोबोता म्हणायचे, आपण आज जो रोबोट शब्द वापरतो तो यावरूनच आला. जमीन स्वतःची झाली, धान्याचा पैसा स्वतःच्या घरात यायला लागला, आणि लाकडी घरांना आगी लागायच्या म्हणून सरकारचाही दगडविटांच्या बांधकामाचा आग्रह होता, मग पुढच्या काही दशकांत इथल्या शेतकऱ्यांनी घरांच्या दर्शनी भिंती अशा काही सजवल्या की बघत राहावं. गावातल्या साध्या गवंड्यांनी शहरातल्या चर्चच्या, मठांच्या, सावकारांच्या घरांच्या नक्षी डोळ्यात साठवून इथे आपल्या हाताने उतरवल्यात. शहरात तोपर्यंत बरोक शैली (सतराव्या-अठराव्या शतकातली, वळणांची आणि भरगच्च नक्षीची युरोपीय शैली) जाऊन शंभर वर्षं होत आली होती पण खेड्यातल्या माणसाला मोठेपणा म्हटला की तीच डोळ्यासमोर यायची. म्हणून याला सेल्स्के बारोको म्हणतात, म्हणजे शेतकऱ्यांचं बरोक.

एका भिंतीसमोर तरी दहा मिनिटं उभे राहा. छपराच्या खालचा जो त्रिकोणी भाग असतो तो इथे त्रिकोणी नसतोच, दोन्ही बाजूंनी वळणं घेत घेत घंटेसारखा वर जातो. भिंतीला पिवळा नाहीतर फिकट हिरवा, गुलाबी रंग, आणि त्यावर पांढऱ्या गिलाव्याची उठावाची नक्षी, वेली, फुलं, टिंबं, पट्टे. वरती कोठाराची हवा खेळायला ठेवलेली छोटी झरोक्यासारखी खिडकी, तिलासुद्धा चौकट काढून सजवलंय, कुठे कोनाड्यात संताची मूर्ती, आणि बऱ्याच ठिकाणी बांधल्याचं साल. जवळ गेलात तर दिसतं की डाव्या बाजूचं फूल उजव्या बाजूच्या फुलाशी तंतोतंत जुळत नाही, साच्यातून काढलेलं नाहीये ते, कुणीतरी पायाडावर उभं राहून ओला गिलावा हाताने लावलाय. मला हे गावातलं सगळ्यात आवडतं.

प्रत्येक घराची रचना साधारण एकसारखी. मैदानाकडे दोन भिंती, एक राहत्या घराची आणि दुसरी धान्याच्या कोठाराची, दोन्हींच्या मध्ये भिंत आणि तिला कमानीचा मोठा दरवाजा, ज्यातून गाडी आत जाईल, आणि शेजारी माणसांसाठी छोटा दिंडी दरवाजा. आत चौक, बाजूला गोठे, मागे चौक बंद करणारं मळणीचं कोठार, त्याच्या मागे बाग आणि मग सरळ शेत. काही घरांत कोठाराच्या बाजूला म्हाताऱ्यांची वेगळी राहायची जागा असते, तिला वीमिनेक म्हणतात. म्हणजे बापाने मुलाच्या नावावर शेत केलं की आईबाप मोठ्या घरातून निघून या छोट्या घरात जायचे, आणि मुलाने त्यांना दरवर्षी किती धान्य द्यायचं, दूध किती, सरपण किती, हे कराराच्या कागदावर लिहिलेलं असायचं. हे मी आईला सांगितलं तर ती बराच वेळ त्या दरवाजाकडे बघत होती, मग म्हणाली, "लिहून घ्यायचे ते बरं करायचे गं." बाबांना ते अजिबात पटलं नाही, मुलाकडून कागद कसला लिहून घ्यायचा म्हणाले, आणि दोघांचा तो वाद परतीच्या ट्रेनमध्ये प्रागपर्यंत चालला. चेक खेड्यांतली ही खूप जुनी पद्धत आहे आणि भिंतींच्या नक्षीपेक्षा यातून त्या लोकांचं आयुष्य जास्त कळतं असं मला वाटतं.

मग गाव दुसऱ्यांदा रिकामं झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे ३० लाख जर्मन भाषिकांना देशाबाहेर काढलं, त्यात इथली कुटुंबंही गेली. नाझी राजवटीने चेक लोकांचे काय हाल केले ते आठवलं की तो राग समजतो, पण चारशे वर्षं ज्या घराण्यांनी हे गाव उभं केलं त्यांना थोडं सामान घेऊन निघावं लागलं हेही खरंच आहे, आणि दोन्ही गोष्टी एकत्र मनात ठेवूनच इथे फिरावं. बरीच घरं ओस पडली, नंतर साम्यवादी काळात शेती सामुदायिक झाली आणि एवढ्या मोठ्या वाड्यांचं करायचं काय हा प्रश्नच होता, डागडुजी कोण करणार. बाकी चेक खेड्यांत त्याच काळात लोकांनी जुन्या नक्षी खरवडून ब्रिझोलिट नावाचा करडा गिलावा मारला (अभ्रकाने थोडा चमकतो तो, तुम्ही ट्रेनमधून कुठलंही गाव बघा, दिसेलच), जुन्या खिडक्या काढून रुंद खिडक्या बसवल्या. इथे ते करायला माणसंच कमी होती. म्हणजे १९९० नंतर जेव्हा दुरुस्ती सुरू झाली तेव्हा घरं पडायला आलेली होती पण बिघडवलेली नव्हती. नवीन लोक राहायला आले, छपरं नीट झाली, रंग लागले, आणि आठ वर्षांत युनेस्को.

चॅपल १७५५ चं आहे, संत यान नेपोमुत्स्कीच्या नावाचं. हा तोच संत ज्याला १३९३ मध्ये प्रागच्या व्लतावा नदीत फेकून मारलं, चार्ल्स पुलावर ज्याच्या मूर्तीला हात लावायला रांग असते तो. पाण्याचा आणि पुरापासून वाचवणारा संत म्हणून त्याचं चॅपल तळ्याजवळ असणं मला फार योग्य वाटतं. एका घरात जुन्या शेतीच्या अवजारांचं छोटं प्रदर्शन आहे, बाहेरून घरं बघून झाली की तिथे जा म्हणजे आतला चौकही बघायला मिळतो. बाकीच्या घरांत मात्र माणसं राहतात, दरवाजा उघडा दिसला म्हणून आत डोकावू नका प्लीज. गावाबाहेर उभ्या दगडांचं एक वर्तुळ आहे, त्याला होलाशोव्हित्सेचं स्टोनहेंज म्हणतात, पण ते अलीकडे उभारलेलं आहे, प्राचीन समजून जाऊ नका, मुलं असतील तर पाय मोकळे करायला ठीक. जुलैच्या शेवटी शेतकऱ्यांची जत्रा भरते, कुंभार, लोहार, टोपल्या विणणारे, लाकूडकाम करणारे सगळे मैदानावर येतात, तेव्हा गर्दी खूप असते. मला स्वतःला ऑक्टोबरमधला कामाचा वार सगळ्यात आवडला, मैदानावर मी आणि बदकं एवढेच होतो.

जायचं कसं तर प्रागहून बुद्येयोव्हित्सेला ट्रेनने साधारण दोन तास, तिथून बस. शनिवार-रविवारी बस फार कमी असतात त्यामुळे इदोस ॲपवर जायची आणि विशेषतः यायची वेळ आधी बघून ठेवा, सायकल चालवत असाल तर रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. दोन-तीन तास गावाला पुरतात. जेवायला मैदानाच्या कडेलाच सोय आहे. शाकाहारी असाल तर कुलायडा आहे का विचारा, दक्षिण बोहेमियातलं आंबट सायीचं सूप, त्यात बटाटा, रानातले मशरूम, भरपूर शेपू आणि वर एक अंडं असतं, अंडं नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. माझ्या आईने शेपू ओळखला आणि दुसरा बाऊल मागवला.