सोला हॅटमधला ‘सोला’: सूर्य नव्हे, भेंड

प्रश्न आला आहे तो असा. एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या जुन्या आठवणी मराठीत आणताना ‘सोला टोपी’ (साहेब लोक उन्हात घालत ती काठाची हलकी हॅट) हा शब्द पानोपानी येतो. भाषांतर करणाऱ्या बाईंनी आधी ‘सौर टोपी’ लिहिलं, मग ते खटकलं म्हणून ‘सूर्यटोप’ केलं. घरातल्या आजी म्हणाल्या, “अगं, आमच्याकडे त्याला सोलो हॅट म्हणायचे.” मजकूर तपासणाऱ्यांनी ‘सोला हॅट’ अशी दुरुस्ती केली आणि समासात शंका लिहिली, ‘सोला म्हणजे सोळा का? सोळा पाकळ्या असतात?’ शिवाय एक वाक्य अडलं आहे. पावसात त्या अधिकाऱ्याची टोपी फुगली आणि तिची कड कानांवर लोंबायला लागली. उन्हासाठीची टोपी पावसात फुगेल कशी?

हे शेवटचं वाक्य बाईंनी अडचण म्हणून पाठवलं आहे, पण खरं तर तोच पुरावा आहे. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

सोला म्हणजे सोळा नाही आणि सूर्यही नाही. ती एक वनस्पती आहे. बंगालीत तिचं नाव शोला. तळ्यांत, दलदलीत, पाणी साचलेल्या भातखाचरांत ती उगवते. शास्त्रीय नाव एस्किनोमिनी अॅस्पेरा, कूळ आपल्या वाल-तुरीचं. तिच्या दांड्याची तपकिरी साल काढली की आत पांढराशुभ्र, विलक्षण हलका गाभा निघतो. गाभा हा आपला सोयीचा शब्द. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने ते लाकूडच, पण इतकं मऊ की नख रुततं.

आता गंमत पाहा. या वस्तूला मराठीत स्वतःचा शब्द आहे, आणि तो जुना आहे: भेंड. भेंडाची फुलं, भेंडाचं बाशिंग हे शब्द ज्यांच्या कानावरून गेले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. भाजीतली भेंडी वेगळी आणि ज्याला पारोसा पिंपळ म्हणतात ते भेंडीचं झाड वेगळं. भेंड नपुंसकलिंगी, एवढं ध्यानात ठेवलं की घोटाळा होत नाही. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या अँग्लो-इंडियन शब्दकोशातही ‘सोला’च्या नोंदीत दख्खनमधलं नाव म्हणून भेंड दिलं आहे. म्हणजे वस्तू आपल्याकडे होती, शब्द होता, कारागीर होते. तरी टोपी आली ती बंगाली नाव घेऊन, साहेबाच्या डोक्यावर बसून. कारण साधं आहे. कंपनीचा कारभार कलकत्त्याचा, टोप्या तिथे तयार व्हायच्या, आणि नाव मालाबरोबर गावोगाव गेलं.

बंगालात आजही लग्नात नवरदेव डोक्यावर जो पांढरा निमुळता ‘टोपर’ घालतो तो शोल्याचाच. आपलं बाशिंग आणि त्यांचा टोपर एकाच जातीच्या मालातून निघतात, आणि तिसरा भाऊ म्हणजे कॅप्टनची हॅट.

‘श’चा ‘स’ कसा झाला यावर त्या कोशाने बंगाल्यांना दोषी धरलं आहे. म्हणे त्यांना ‘श’ म्हणता येत नाही. हे मला बिलकूल पटत नाही. ज्यांनी बंगाली माणसाला ‘सोमवार’ म्हणताना ऐकलं असेल त्यांना ठाऊक आहे की गाडी बरोबर उलट्या दिशेने जाते: स, ष, श, बहुतेक सगळ्यांचा ‘श’. ‘श’चा ‘स’ करण्याची सवय भोजपुरी-मगहीच्या पट्ट्यातली. साहेबाचे नोकर-चाकर आणि शिपाई मोठ्या संख्येने त्याच पट्ट्यातले होते. त्यांच्या तोंडून शोल्याचा सोला झाला असावा, असा माझा तर्क. तर्कच, पण कोशकारांच्या तर्कापेक्षा बरा.

पुढची पायरी मात्र निर्विवाद आहे. इंग्रजाने ‘सोला’ ऐकलं, टोपी उन्हात घालतात हे पाहिलं, आणि त्याच्या मनाने ‘सोलर’ जोडून टाकलं. अनोळखी शब्दाला ओळखीचा अर्थ चिकटवण्याची ही खोड सगळ्याच भाषांना असते. मुंबईच्या भेंडीबाजाराचं नाव ‘बिहाइंड द बझार’वरून पडलं असं छातीठोक सांगणारे आपल्यात थोडे नाहीत, आणि तिथल्या भेंडीच्या झाडांकडे बोट दाखवणारेही आहेत. सोलाच्या बाबतीत चूक इतकी पक्की झाली की एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये ‘सोलर हॅट’ नावाने जाहिराती व्हायला लागल्या. तुमची ‘सौर टोपी’ म्हणजे त्या चुकीचं संस्कृतीकरण. आजींचं ‘सोलो’ त्या मानाने मूळ शब्दाच्या फारच जवळ आहे!

माझ्याकडे अशी एक टोपी आहे, जुन्या बाजारातून आणलेली, कडेला फुटलेली. फुटली म्हणूनच स्वस्तात मिळाली आणि म्हणूनच मला हवी होती, कारण फुटक्या टोपीत आतलं दिसतं. बाहेर खाकी कापड, आत हिरवट अस्तर, आणि मध्ये भेंडाचे पातळ काप एकावर एक चिकटवलेले, फुलक्याचे पापुद्रे सुटावेत तसे सुटत आलेले. भेंडाचा दांडा फिरवत फिरवत सुरीने त्याची लांबलचक पट्टी सोलायची, त्या पट्ट्या लाकडी साच्यावर खळीने थरावर थर बसवायच्या, वाळल्या की वर कापड ताणायचं. (‘सोलणे’वरून सोला, असंही कुणी म्हणेल. नको.) डोक्याला टेकतो तो पट्टा टोपीच्या भिंतीपासून थोडा सुटा ठेवलेला असतो, म्हणजे वारा खेळतो. माथ्यावर भोक आणि त्यावर छोटं झाकण. हातात घेतली तर ती टोपी आहे की टोपीचा फोटो आहे असं वाटावं इतकी हलकी.

लष्करात ती कशी शिरली? १८४० च्या दशकात, इंग्रज-शीख युद्धांच्या सुमारास, हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींत ती दिसू लागली, आणि १८५७ नंतर सर्रास झाली. १८७७ मध्ये ब्रिटिश सैन्याने परदेशी नोकरीसाठी पांढरं हेल्मेट रीतसर गणवेशात घेतलं. पण ते बहुधा भेंडाचं नसून बुचाचं, म्हणजे कॉर्कचं असे. शतक उलटताना आलेला ‘वूल्झली’ घाट, म्हणजे कड सगळीकडून रुंद आणि मानेवर उतरती, हाही बुचाचाच. सर गार्नेट वूल्झली हे त्या काळचे नावाजलेले सेनापती. त्यांचं नाव टोपीला लागलं. बूच जड, पण दणकट आणि पाण्याला दाद न देणारं. तरी इंग्रजीत दोन्हींना सरसकट ‘पिथ हेल्मेट’, म्हणजे गाभ्याचं शिरस्त्राण, म्हणायची चाल पडली.

पांढऱ्या रंगाची फजिती दक्षिण आफ्रिकेतल्या १८७९ च्या झुलू युद्धात झाली. ऊन परतवणारा पांढरा रंग शत्रूलाही लांबून दिसतो. शिपायांनी हेल्मेटं चहाच्या पाण्यात, नाहीतर चिखलात रंगवून घेतली. आपल्याकडे ‘खाकी’ त्याच्या कितीतरी आधी, १८४० च्या दशकाच्या शेवटी, पेशावरकडच्या गाइड्स पलटणीत आली होती. खाक म्हणजे धूळ. म्हणजे भेंड बंगालचं, रंग फारसीतला. आणि हेल्मेटभोवती जो कापडाचा पट्टा गुंडाळत त्याला इंग्रज ‘पगरी’ म्हणत.

इथे तुमच्यासाठी धोक्याची सूचना. ही ‘पगरी’ म्हणजे हिंदीतली पगड़ी, डोक्याला गुंडाळायचं कापड. आपली पगडी ही आयती बांधून घट्ट केलेली, उचलून डोक्यावर ठेवायची वस्तू. तेव्हा ‘त्याने हेल्मेटवर पगडी चढवली’ असं लिहाल, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर हेल्मेटवर ठेवलेली पुणेरी पगडी येईल. ‘हेल्मेटभोवती पागोट्याची पट्टी गुंडाळली’ एवढं पुरे. ही पट्टी इतकी टिकली की ऑस्ट्रेलियन सैनिकाच्या एका बाजूला वळवलेल्या हॅटवर ती आजही सात घड्या घालून असते आणि तिथे तिचं नावही तेच आहे.

गोऱ्यांना ही टोपी एवढी का हवी होती? समजूत अशी की उन्हाचे किरण कवटी भेदून मेंदूला मारतात, आणि तेही फक्त गोऱ्यांच्या. पाठीच्या कण्यासाठी वेगळी कापडी गादी शिवून घेत. अमेरिकन लष्कराने तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपाइन्समध्ये शिपायांना नारिंगी-तांबडे अंतर्वस्त्र घालून पाहिले, किरण अडतात का म्हणून. फायदा काही दिसला नाही. उष्माघात होतो तो सगळं शरीर तापून. टाळूवरचा किरण हा त्यातला खलनायक नाही. इकडे ब्रिटिशांच्या मोहिमांत, गोऱ्यांच्या बरोबरीने, त्याच उन्हात हिंदी शिपाई पागोटं नाहीतर गोल टोपी घालून चालत होते, म्हणजे कुणाच्या डोक्यावर काय आहे यावरून कोण कुठल्या बाजूच्या बराकीतला ते लांबून कळे. ब्रह्मदेशात पोलिस खात्यात नोकरी केलेल्या जॉर्ज ऑरवेल यांनी १९४४ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: राज्य करणारे वेगळ्या हाडामांसाचे आहेत हे ठसवण्यापलीकडे या अंधश्रद्धेला आधार नव्हता. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांत आणि जंगलांत ही टोपी नुसती अडचण ठरली. जर्मन सेनापती रोमेलच्या ‘आफ्रिका कोअर’ या फौजेलाही अशी हेल्मेटं मिळाली होती; सैनिकांनी ती बाजूला टाकून साध्या कापडी टोप्या वापरल्या.

नामशेष मात्र ती झाली नाही. ब्रिटनचे रॉयल मरीन्स समारंभाला अजून पांढरं वूल्झली घालतात. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांकडून राहिलेला तो घाट फ्रेंचांशी आणि मग अमेरिकनांशी लढणाऱ्यांनीच उचलला, दाबलेल्या कागदी लगद्याचा करून. तिथे तिचं नाव ‘मू कोय’. कोय म्हणजे कुटायचं उखळ. पालथ्या उखळासारखी टोपी! सूर्याच्या भानगडीत न पडता आकार पाहून ठेवलेलं हे नाव मला सगळ्यांत आवडतं.

मराठी वापराबद्दल. पेशवाईच्या आधीपासून आपण युरोपियनांना ‘टोपीकर’ म्हणत आलो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) वगैरेंना हाच शब्द आहे. काही जण तो सोला हॅटशी जोडतात. ते चूक. आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं, आणि तेव्हा शोल्याची हॅट जन्मालाही आलेली नव्हती. सोला हॅट मराठीत आली ती कलेक्टर, फॉरेस्ट ऑफिसर, पाद्री आणि पुढे आपलेच मामलेदार-ओव्हरसियर यांच्या डोक्यावरून. आणि आपल्याकडे ती ‘हॅट’ झाली, ‘टोपी’ नाही. मराठीत टोपी म्हटलं की डोक्याला चपखल बसणारी, बिनकाठाची. काठ आला की हॅट. हिंदीला हा भेद लागत नाही, मराठीला लागतो. म्हणून तपासणाऱ्यांनी ‘टोपी’ची ‘हॅट’ केली ते योग्यच केलं. मुंबईचंही नाव या खटाटोपात आहे बरं का: या टोपीच्या एका हलक्या, बुटक्या प्रकाराला इंग्रजीत ‘बॉम्बे बोलर’ म्हणत.

तेव्हा तुमच्या मजकुरात ‘सोला हॅट’ ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘भेंडाची सोला हॅट’ म्हणा. तळटीप लागणार नाही. गणवेशाच्या वर्णनात वूल्झली किंवा पांढरं हेल्मेट येईल तिथे ‘भेंडाची’ घालू नका, ते बुचाचं. आणि ते अडलेलं वाक्य आहे तसं राहू द्या. भेंड पाणी पितं. बुचाचं हेल्मेट असतं तर पाऊस निथळून गेला असता. तुमच्या अधिकाऱ्याची हॅट फुगली, खळ सुटली, कड कानांवर आली, म्हणजे त्या दिवशी त्याने सरकारी हेल्मेट नव्हे तर बाजारातून विकत घेतलेली सोला हॅट घातली होती. त्या ओळीत ‘टोपी’ खोडून ‘हॅट’ करा, बाकी काही नको.