अश्मयुग किंवा डायनासोर या विषयावरचे चांगले बोर्ड गेम कोणते?

नऊ वर्षांच्या मुलाला डायनासोर आणि आदिमानवाचं वेड लागलंय, घरात आजीसकट चौघं आहोत, तर या विषयावरचे बोर्ड गेम सुचवा, असं तुम्ही विचारलंय. एकच खेळ घेणार असाल तर ‘स्टोन एज’ घ्या. मुलगा डायनासोरसाठी हटूनच बसला असेल तर आधी ‘ड्राफ्टोसॉरस’. आणि दोन-तीन महिने खेळून सगळ्यांचा हात बसला की ‘पॅलिओ’. गेली सात-आठ वर्षं मी हे खेळ जवळजवळ दर शनिवारी खेळतोय, त्यामुळे कारणं जरा सविस्तर लिहितो.

खोक्यावर मॅमथ छापला म्हणून खेळ अश्मयुगातला होत नाही. बरेच खेळ असे आहेत की त्यातली चित्रं काढून तिथे आगगाडी किंवा राजवाडा ठेवला तरी काहीच फरक पडणार नाही. मी पहिल्यांदा बघतो ते हे की खेळात भूक आहे का. आज रात्री सगळ्यांना पुरेल एवढं अन्न आहे का, नसेल तर कोण कुठे जाणार, हा त्या माणसांपुढचा रोजचा प्रश्न होता. जो खेळ हा प्रश्न भिडूंच्या पोटात कालवाकालव होईल इतका खरा करतो, तो चांगला. बाकी सगळं नंतर.

‘स्टोन एज’ तेच करतो. २००८ साली जर्मनीतल्या हान्स इम ग्लूक या प्रकाशनाने तो काढला. रचना बेर्न्ड ब्रुनहोफर यांची आणि पटावरचं सुंदर चित्र मिखाएल मेन्झेल यांचं. दोन ते चार भिडू. प्रत्येकाची टोळी पाच माणसांची, हाताशी अन्न बारा. पटावर जंगल, मातीची खाण, दगडाची खाण, नदी आणि शिकारीचं रान. आळीपाळीने आपल्या सोंगट्या म्हणजे माणसं कामाला धाडायची, आणि सगळ्यांची माणसं लागली की जिथे जितकी असतील तितके फासे टाकायचे. आलेल्या बेरजेला शिकारीत दोनने भागायचं, लाकडाला तीनने, मातीला चारने, दगडाला पाचने, सोन्याला सहाने. बाकी उरते ती वाया.

हा भागाकारच खेळाचा जीव आहे. समजा, तुम्ही तीन माणसं दगडाच्या खाणीत धाडली आणि फासे पडले चार, दोन, तीन. बेरीज नऊ, म्हणजे एकच दगड, वरचे चार फुकट. पण तुमच्याकडे एक हत्यार असतं तर नऊचे दहा झाले असते आणि दोन दगड हातात आले असते. हत्यार कशासाठी हवं हे माझ्या भाच्याला त्या एका फेरीत कळलं. पुस्तकातलं हातकुऱ्हाडीचं चित्र त्याने कितीदा तरी पाहिलं होतं, पण ‘एक कमी पडला’ म्हणून कपाळाला हात लावला तेव्हा त्याला ते खरं समजलं. नऊ वर्षांच्या मुलाचा तोंडी भागाकार महिन्याभरात किती सुधारतो ते बघाच.

फेरी संपली की टोळीला जेवायला घालायचं. माणशी एक अन्न. शेताच्या जागी माणूस धाडला की त्या फेरीपासून दर फेरीला एक अन्न आपोआप मिळतं. दोन माणसं झोपडीत धाडली की टोळीत एक नवं माणूस येतं. म्हणजे हात वाढले, पण खाणारं तोंडही वाढलं. आधी शेत, आधी हत्यार की आधी माणूस, हे ठरवताना खरा कस लागतो, कारण शेताची आणि हत्याराची जागा फेरीत एकालाच मिळते आणि झोपडीही एकाच टोळीला.

माझ्या आईचं माहेर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं, शेतकरी घर. ती डोळे झाकून पहिला माणूस शेतात धाडते. ‘आधी दाणे घरात, मग बाकीचं’ हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि ती बऱ्याचदा जिंकते. तिच्या माहेरापासून जवळच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथली वस्ती ताम्रपाषाण काळातली, म्हणजे दगडाबरोबर तांबंही वापरात होतं तेव्हाची, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या दरम्यानची. आधीच्या काळात तिथे चौकोनी, प्रशस्त घरं होती आणि धान्याचं कोठार होतं. इ.स.पू. १००० नंतर पाऊसमान घटलं, शेती खालावली, घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या आणि लोक शिकारीवर आणि गुराढोरांवर जास्त विसंबू लागले. शेत की शिकार हा पटावरचा प्रश्न आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन सोसलाय. हे सांगितल्यापासून भाचा शेताची जागा फार गंभीरपणे घेतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. टोळीला पुरेसं अन्न दिलं नाही आणि त्याबदल्यात लाकूड-दगडही दिले नाहीत, तर दहा गुण कापले जातात, एवढीच शिक्षा आहे. काही तरबेज भिडू याचा फायदा घेतात. अन्नाकडे पाहतच नाहीत, भराभर माणसं वाढवतात, दर फेरीला दहा गुण सोडतात आणि तरी पुढे निघून जातात. नियमात ते बसतं, पण खेळाचा प्राण त्यातून निघून जातो असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे ठरलंय की अन्न किंवा सामान हातात असेल तर ते द्यायचंच. तुम्हीही पहिल्या दिवशीच ठरवून टाका.

पानांवर आणि पटावर मजकूर जवळजवळ नाही, सगळं चित्रांत आहे, त्यामुळे इंग्रजीवाचून आजीचं काही अडणार नाही. पानांवरची मडकी, विणकाम, संगीत, औषध अशी वेगवेगळी चिन्हं जमवली की शेवटी त्यांच्या संख्येचा वर्ग करून गुण मिळतात. तीन असतील तर नऊ, चार असतील तर सोळा. त्यात लेखनाचंही एक चिन्ह आहे. खरं तर लिपी आली की प्रागितिहास संपतो आणि इतिहास सुरू होतो. मुलाला हे जरूर सांगा, या वयात असं काही कळलं की पोरं ते जन्मभर विसरत नाहीत. फासे हलवायला चामड्याचा पेला येतो. नवा असताना त्याला उग्र वास येतो, दोन दिवस गच्चीत वाऱ्याला ठेवा. घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर याच खेळाची मुलांसाठीची वेगळी आवृत्ती आहे, तिला २०१६ साली जर्मनीतला वर्षातल्या उत्तम बालखेळाचा पुरस्कार मिळाला होता. तुमच्या मुलाला मात्र मोठाच द्या.

आता ‘पॅलिओ’. पीटर रुस्टेमायर यांचा हा खेळ २०२० साली आला आणि २०२१ साली त्याला जर्मनीत जाणत्या खेळाडूंच्या गटातला वर्षातला उत्तम खेळ म्हणून मान मिळाला. मला विचाराल तर या विषयावरचा सर्वांत मनाला भिडणारा खेळ हाच. इथे भिडू एकमेकांविरुद्ध नसतात. सगळे मिळून एक टोळी. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.

प्रत्येकापुढे पानांची एक गड्डी असते. वरची तीन पानं उचलायची, पण फक्त पाठ बघायची. पाठीवर जंगल, नदी, डोंगर, वस्ती असं काहीतरी दिसतं. जंगलात लाकूड आणि खाणं असतं हे माहीत असतं, पण या जंगलात आज काय दडलंय ते माहीत नसतं. एक पान निवडायचं, सगळ्यांनी एकदम उलटायचं. कुणाला फळं मिळतात, कुणापुढे जनावर उभं राहतं. जनावर मारायला एकट्याचं बळ पुरत नसेल तर शेजाऱ्याने स्वतःच्या पानावरचं काम सोडून मदतीला यायचं. हातातली फळं टाकून जायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. गड्ड्या संपल्या की रात्र होते. प्रत्येक माणसाला जेवू घालायचं. उपाशी राहिला तर कवटी, जखमी होऊन मेला तरी कवटी. पाच कवट्या झाल्या की टोळी संपली. आणि जिंकायचं कसं, तर गुहेच्या भिंतीवरचं मॅमथचं चित्र पूर्ण करून. चित्राचे पाच तुकडे जमवायचे.

मागच्या पावसाळ्यातली एक रात्र अजून डोळ्यांपुढे आहे. चित्राचे चार तुकडे झाले होते, कवट्याही चार. दिवसातली शेवटची पानं. अन्न एकाने कमी. भाच्यापुढे डोंगर होता, तिथे पाचव्या तुकड्याची आशा होती. माझ्या बायकोपुढे नदी, तिथे मासे मिळण्याची शक्यता. भाच्याने डोंगर सोडला आणि नदीवर मदतीला गेला. मासे मिळाले, रात्र निभावली, आणि चित्र दुसऱ्या दिवशी पुरं झालं. तो काही बोलला नाही, नुसता मॅमथच्या तुकड्यांवरून बोट फिरवत बसला.

जगण्याची लढाई लढणाऱ्या माणसांनी चित्रं का काढली, हा प्रश्न या खेळामुळे आपोआप समोर येतो, आणि त्यासाठी युरोपातल्या गुहांपर्यंत जायची गरज नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, जांभ्या कातळात कोरलेली शिल्पं आहेत. कशेळीला एक प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी आणि मासे कोरलेले आहेत. उक्षीलाही हत्ती आहे, बारसूला माणसाची आकृती आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी. आज कोकणात गेंडा नाही, पण कातळावर गेंडा आहे. गोव्यात कुशावती नदीकाठी पणसायमळला बैल आणि चक्रव्यूहासारखी आकृती आहे. २०२२ पासून ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. आम्ही ‘पॅलिओ’ खेळायला लागल्यावर कशेळीला गेलो. उन्हं कलताना तिरक्या प्रकाशात रेषा नीट उठून दिसतात, तेव्हा तीच वेळ साधा.

डायनासोरांसाठी ‘ड्राफ्टोसॉरस’. २०१९चा फ्रेंच खेळ, दोन ते पाच भिडू, पंधरा मिनिटांत डाव संपतो. पिशवीत सहा जातींचे रंगीत लाकडी डायनासोर. प्रत्येकाने न बघता सहा काढायचे, एक ठेवायचा, उरलेले शेजाऱ्याला द्यायचे. ठेवलेला आपल्या बागेतल्या एखाद्या कुंपणात उभा करायचा. एका कुंपणात सगळे एकाच जातीचे हवेत, दुसऱ्यात सगळे वेगवेगळे, एकात बरोब्बर तीनच. फासा सांगतो की या खेपेला कुठे ठेवता येईल, पण ज्याने फासा टाकला त्याला ते बंधन नाही. यात भूकबीक काही नाही, माझ्या कसोटीला तो उतरत नाही, तरीही सुचवतोय. टी-रेक्सची ती चिमुकली लाकडी आकृती मुठीत धरून बसलेलं मूल पाहिलं की दुसरी कसोटी लावावीशी वाटत नाही. माणूस आणि डायनासोर एकत्र आणणारे खेळ मात्र टाळा. दोघांमध्ये साडेसहा कोटी वर्षांचं अंतर आहे, आणि मुलाच्या डोक्यात ते एकदा चुकीचं बसलं की काढणं कठीण जातं. डायनासोर परदेशातलेच असतात असंही त्याला वाटू देऊ नका. आयसिसॉरस या प्रचंड शाकाहारी डायनासोरची हाडं आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला सापडली आहेत.

‘कार्कासोन’ तुमच्याकडे आधीपासून असेल तर त्याचंच ‘हंटर्स अँड गॅदरर्स’ हे भावंड बघा. चौकोनी टाइल जोडत जंगलं, नद्या आणि कुरणं तयार करायची. कुरणात हरणं मोजून गुण मिळतात, पण तिथे सुळेवाला वाघ आला की हरीण गेलं. सोपा आणि छान.

‘इव्होल्यूशन’ दहा-अकरा वर्षांनंतर घ्या. मूळ रशियन खेळ, रचनाकारांपैकी द्मित्री क्नोरे हे स्वतः जीवशास्त्रज्ञ. एका पाणवठ्यावर अन्न मोजकंच असतं आणि तुमच्या प्राण्याला लांब मान, टणक कवच, चरबी असे गुणधर्म देत तगवायचं. शेजाऱ्याने मांसाहारी प्राणी उभा केला की तुमचा बिनकवचाचा प्राणी त्याचं जेवण होतो. उत्क्रांती म्हणजे काय हे इतकं नेमकं समजावणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पण पानांवर इंग्रजी मजकूर आहे, आणि लहान मुलाला आपला प्राणी खाल्ला गेल्याचं खरोखर वाईट वाटतं.

‘डॉमिनंट स्पीशीज’ची खूप स्तुती वाचाल. ती योग्यच आहे, पण तीन-चार तासांचा जड खेळ आहे, आत्ता नको.

घेताना दोन गोष्टी बघा. हे खेळ बहुतेक बाहेरून येतात, म्हणून महाग पडतात. आपल्या शहरात बोर्ड गेम कॅफे असेल तर आधी तिथे जाऊन एक डाव खेळून बघा. आणि खोकं आल्या दिवशीच उघडून सगळे तुकडे यादीशी ताडून बघा. माझ्या एका खोक्यात फासा कमी निघाला, महिन्याने तक्रार केली तेव्हा विक्रेत्याने हात वर केले. शेवटी तो मला प्रकाशकाकडून मागवावा लागला.

‘पॅलिओ’ घ्याल तेव्हा पहिल्या डावाला मूळ पानांबरोबर ए आणि बी हेच दोन गठ्ठे वापरा, सगळी पानं एकदम मिसळू नका. आणि पहिल्या रात्री टोळी उपाशी राहिली तरी मुलाला पानं परत फिरवू देऊ नका. दुसऱ्या डावाला तो स्वतःच आधी खाणं शोधेल.