मुलींच्या कॉलेज लॅक्रॉसमध्ये 'एनसीएए ॲपिअरन्सेस' या आकड्याला किती भाव द्यायचा? सगळ्यात भारी संघ कोणता?

तुम्ही लिहिलंय की तुमची भाची न्यू जर्सीत नववीत आहे, शाळेकडून लॅक्रॉस खेळते आणि घरात आत्तापासूनच कॉलेजांच्या याद्या सुरू झाल्या आहेत. प्रत्येक संघाच्या माहितीत 'एनसीएए ॲपिअरन्सेस' म्हणून एक आकडा दिसतो (एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, आणि आकडा म्हणजे संघ तिच्या राष्ट्रीय स्पर्धेत किती वेळा उतरला ते), त्याला किती भाव द्यायचा, हा तुमचा प्रश्न.

थोडाच द्या. का ते सांगते.

आम्ही बाल्टिमोरजवळ राहतो. मी मूळची मिरजेची, क्रिकेटवेड्या घरातली. लॅक्रॉस (टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत, फेकत गोल करायचा खेळ) हा शब्दसुद्धा इथे आल्यावर ऐकला. आता लेक शाळेच्या संघात आहे आणि गॅरेजच्या भिंतीवर रोज संध्याकाळी चेंडू आपटण्याचा आवाज आमच्या घरात कुकरच्या शिट्टीइतका सवयीचा झालाय. शंभर उजव्या हाताने, शंभर डाव्या हाताने. या भागात हा खेळ रुजलाय जुना: स्कॉटलंडमध्ये सेंट लेनर्ड्स शाळेत 1890 च्या सुमाराला मुलींनी तो सुरू केला आणि तिथेच शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी 1926 मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत आणला. मूळ खेळ अर्थातच इथल्या आदिवासींचा, हॉडेनोशोनी लोकांचा, या शाळांच्या कितीतरी आधीचा.

आता ॲपिअरन्स. पहिल्या डिव्हिजनच्या (कॉलेजांच्या तीन स्तरांपैकी सगळ्यात वरच्या) राष्ट्रीय स्पर्धेत सध्या 29 संघ घेतात. काही जागा आपापल्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे एकमेकांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, विजेत्यांना थेट मिळतात, उरलेल्या निवड समिती भरते. पहिल्या तीन मानांकित संघांना पहिल्या फेरीत सुट्टी, बाकीच्या 26 टीम एकमेकींना भिडतात. म्हणजे एखाद्या लहानशा कॉन्फरन्समध्ये पहिली आलेली टीम मे महिन्यात एक सामना खेळून पंधरा गोलांनी हरली, तरी तिचा एक ॲपिअरन्स झाला. आणि दरवर्षी उपांत्य फेरी गाठणाऱ्या टीमचाही वर्षाला एकच. आकडा दोघींचा सारखाच दिसतो.

समितीचा मानांकनाचा हिशेबही बघा. 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरची स्टोनी ब्रुक विद्यापीठाची टीम हंगामभर एकही सामना न हरता क्रमवारीत पहिली होती. पण तिच्या कॉन्फरन्समधल्या बाकीच्या टीम कमकुवत मानल्या जायच्या, म्हणून समितीने तिला पाचवं मानांकन दिलं. परिणाम: उपांत्यपूर्व सामना बोस्टन कॉलेजच्या मैदानावर खेळावा लागला आणि जादा वेळेत एका गोलने गेला. खरी बोच पुढे आहे. त्या वर्षीची उपांत्य आणि अंतिम फेरी स्टोनी ब्रुकच्याच स्टेडियमवर होती. स्वतःच्या अंगणात दुसऱ्यांचं लग्न.

त्यापेक्षा 'शेवटच्या चारांत किती वेळा' हे विचारा. तिथे मग मेरीलँड विद्यापीठाचं नाव घ्यावंच लागतं (बाल्टिमोर मेरीलँड राज्यातच, त्यामुळे मी पक्षपाती आहे, ते धरून चाला). 1982 मध्ये एनसीएएची स्पर्धा सुरू झाल्यापासून त्यांची 14 विजेतेपदं आहेत, पैकी 1995 ते 2001 अशी सलग सात प्रशिक्षक सिंडी टिमचल यांच्या हाताखाली. पुढे 2009 ते 2019 सलग अकरा वर्षं उपांत्य फेरी.

पण मला जास्त मजा वाटते ती या खेळातल्या घराण्याची. टिमचल मेरीलँडला येण्याआधी शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्नमध्ये प्रशिक्षक होत्या. त्या गेल्यावर काही वर्षांत नॉर्थवेस्टर्नने मुलींचा लॅक्रॉस संघच बंद केला. 2002 मध्ये पुन्हा सुरू केला, तेव्हा घडी बसवायला बोलावलं कोणाला? टिमचल यांच्याच मेरीलँडच्या शिष्येला, केली अमाँटे हिलर यांना. अमेरिकेच्या मधल्या राज्यांत हा खेळ तेव्हा फारसा कोणी खेळत नव्हतं. बाईंनी कॅम्पसवर पळणाऱ्या दोन जुळ्या बहिणी पाहिल्या, त्यांनी आयुष्यात लॅक्रॉसची काठी धरली नव्हती, तरी त्यांना संघात ओढलं. 2005 मध्ये त्याच संघाने 21 पैकी 21 सामने जिंकून विजेतेपद नेलं आणि 2009 पर्यंत सलग पाच वेळा सोडलं नाही. (2005 च्या टीममधल्या काही मुली व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांसोबतच्या फोटोला स्लिपर घालून गेल्या म्हणून केवढा गदारोळ झाला होता! नंतर त्याच स्लिपरांचा लिलाव करून पैसे एका आजारी लहान मुलीसाठी दिले.)

बोस्टन कॉलेजच्या प्रशिक्षक अकेशिया वॉकर-वाइनस्टीन याही मेरीलँडच्याच माजी खेळाडू. मेरीलँडच्या आजच्या प्रशिक्षक कॅथी रीस याही टिमचल यांच्या तालमीतल्या. त्यामुळे 2019, 2023 आणि 2024 या तिन्ही अंतिम सामन्यांत दोन्ही बाकांवर एकाच घराण्याच्या बायका उभ्या होत्या. टिमचल स्वतः पुढे नौदलाच्या अकादमीत गेल्या आणि 2017 मध्ये त्या टीमला उपांत्य फेरीत नेऊन बसवलं, तेही आदल्या वर्षीच्या विजेत्या नॉर्थ कॅरोलायनाला हरवून.

बोस्टन कॉलेजचा इतिहास तुमच्या भाचीला नक्की सांगा. 2017 पासून 2024 पर्यंत झालेल्या प्रत्येक स्पर्धेत (2020 ची कोविडमुळे झालीच नाही) त्या अंतिम फेरीत होत्या. सात वेळा! त्यातल्या जिंकल्या दोन, 2021 आणि 2024. 2018 मध्ये जेम्स मॅडिसन विद्यापीठाकडून 16-15, 2022 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाकडून 12-11, दोन्ही वेळा एकेका गोलने. 2023 मध्ये नॉर्थवेस्टर्नने तर 18-6 असा धुव्वा उडवला. पुढच्याच वर्षी त्याच नॉर्थवेस्टर्नविरुद्ध सहा गोलांनी मागे पडून 14-13 जिंकल्या.

सहा गोल म्हणजे फार वाटतात, पण या खेळात भरून निघतात, आणि ते का हे एकदा मैदानाशेजारी उभं राहून बघायला हवं. गोल झाला की चेंडू समोरच्या संघाला मिळत नाही. मधल्या वर्तुळात पुन्हा 'ड्रॉ' होतो. दोघीजणी समोरासमोर, काठ्यांची डोकी पाठीला पाठ लावून आडवी धरलेली, मध्ये पिवळा चेंडू दाबलेला. क्षणभर दोघी पुतळ्यासारख्या. शिट्टी झाली की दोघी एकदम वर झटका देतात, चेंडू डोक्यांच्या वर उडतो आणि बाजूच्या पोरी त्याच्यावर झडप घालतात. ड्रॉ तुमचा असेल तर गोल करा, चेंडू पुन्हा घ्या, पुन्हा गोल करा. समोरची टीम नुसती बघत राहते. 2017 मध्ये 90 सेकंदांचं शॉट क्लॉक आल्यापासून आघाडी घेऊन चेंडू दाबून ठेवायची जुनी युक्तीही गेली.

अलीकडचं विचाराल तर 2025 चं विजेतेपद नॉर्थ कॅरोलायनाचं, 22 पैकी 22 जिंकून, अंतिम फेरीत नॉर्थवेस्टर्नवर 12-8. प्रशिक्षक जेनी लेव्ही 1996 मध्ये तो संघ सुरू झाल्यापासून तिथेच आहेत. तीस वर्षं एकच बाई, चार विजेतेपदं. त्या संघात हम्फ्री नावाच्या तीन सख्ख्या बहिणी होत्या आणि धाकटी, क्लोई, पहिल्याच हंगामात टेवाराटन पुरस्कार घेऊन गेली. तो या खेळातला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान.

न्यू जर्सीत आहात म्हणून दोन नावं वेगळी सांगते. प्रिन्स्टनने 1994, 2002 आणि 2003 अशी तीन वेळा पहिल्या डिव्हिजनची स्पर्धा जिंकली आहे. पण आयव्ही लीगमध्ये (प्रिन्स्टन ज्यात आहे तो जुन्या नामवंत विद्यापीठांचा गट) खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, हे घरच्या मंडळींना आत्ताच सांगून ठेवा. दुसरं नाव ट्रेंटन स्टेट. 1982 च्या पहिल्यावहिल्या अंतिम सामन्यात मॅसॅच्युसेट्सकडून 9-6 हरलेली टीम ती. आज तिला कॉलेज ऑफ न्यू जर्सी म्हणतात, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळते आणि तिथे तिने दहाहून जास्त वेळा विजेतेपद मिळवलंय. तिसऱ्या डिव्हिजनमध्येही खेळाची शिष्यवृत्ती नाही, पण अभ्यास सांभाळून चार वर्षं खरोखर मैदानात उतरायला मिळण्याची शक्यता बरीच जास्त.

आणि हो, पहिल्या डिव्हिजनचे प्रशिक्षक अकरावीच्या 1 सप्टेंबरच्या आधी मुलीशी किंवा पालकांशी भरतीबद्दल बोलू शकत नाहीत. तेव्हा नववीत कोणाचं उत्तर आलं नाही म्हणून पोरीने तोंड पाडून बसू नये. नियमच तसा आहे.

ऑलिंपिकचंही विचारलं होतंत. 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये लॅक्रॉस आहे, पण सहा-सहा जणींचा, छोट्या मैदानावरचा प्रकार. तो निर्णय कुठे झाला माहितीये? ऑक्टोबर 2023 मध्ये, आपल्या मुंबईत, बीकेसीला. त्याच बैठकीत क्रिकेटलाही होकार मिळाला, त्यामुळे माझ्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लॅक्रॉसचा ल सुद्धा कोणी काढला नाही.

भाची कुठल्या जागेवर खेळते ते लिहा. ड्रॉ घेत असेल तर पुढचं उत्तर जरा वेगळं देईन.