सोनोग्राफी झाली असताना पुन्हा पोर्टल डॉप्लर कशाला?

तुमच्या वडिलांना सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होण्याचा आजार आहे, महिन्याभरापूर्वी सोनोग्राफी झाली आणि आता डॉक्टर पोर्टल डॉप्लर करा म्हणतात. हे पैसे उकळणं तर नाही, असं तुम्ही विचारलंय. मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज हेच करतो. नाही, दोन्ही तपासण्या वेगळ्या आहेत.

साध्या सोनोग्राफीत लिव्हर दिसतं, डॉप्लरमध्ये त्यातलं रक्त वाहताना कळतं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं सुमारे ७५ टक्के पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतडी आणि प्लीहेकडून येतं. लिव्हर कडक झालं की हे रक्त आत शिरताना अडतं आणि वेग मंदावतो. एरवी तो सेकंदाला साधारण २० ते ४० सेंमी असतो. १६च्या खाली गेला की आम्ही सावध होतो. मग रक्त आडवाटा शोधतं. बेंबीकडे जाणारी, एरवी मिटलेली शीर उघडते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. काहींमध्ये तर पोर्टलचा प्रवाहच उलटा फिरतो.

स्क्रीनवर सहसा प्रोबकडे, म्हणजे पोटावर फिरवतो त्या उपकरणाकडे येणारं रक्त लाल आणि लांब जाणारं निळं दिसतं. "निळं म्हणजे अशुद्ध का?" हे नातेवाइकांनी हमखास विचारायचंच. नाही हो, तो रंग फक्त दिशेचा.

गुठळीही यातच शोधतात. शिकत असताना एकदा शिरेत रंगच भरेना, म्हणून मी "थ्रॉम्बोसिस" लिहायला निघालो होतो. मॅडमनी मशीनवरची वेगाची स्केल खाली आणली, म्हणजे संथ रक्तही दिसेल अशी केली, आणि शीर हळूहळू लाल होत गेली. गुठळी नव्हतीच, रक्त फार संथ होतं. तेव्हापासून घाईने लिहीत नाही.

पण डॉप्लरने पोर्टलमधला दाब मोजता येत नाही. वेगाचा आकडाही प्रोबच्या कोनावर अवलंबून असतो. कोन ६० अंशांच्या वर गेला तर त्यावर भरवसा ठेवू नये. अन्ननलिकेतल्या शिरांसाठी डॉक्टरांनी एंडोस्कोपी सांगितली तर "डॉप्लर झालंय की" म्हणून टाळू नका.

जाताना सहा तास उपाशी न्या, जेवणानंतर पोर्टलचा प्रवाह वाढतो. मधुमेह असेल तर उपाशी राहण्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. जुना रिपोर्ट सोबत ठेवा. प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल (पोर्टलमधला दाब कमी करायची गोळी) चालू असेल तर तेही सांगा, त्यानेही वेग कमी दिसतो. फक्त आपल्या मनाने गोळी बंद करू नका.