पाणी ओलांडून राहायला जाऊ नकोस

प्रिय पोरी,

तुझा कोचीच्या सहलीचा तक्ता बघितला. सात हॉटेलं, प्रत्येकापुढे भाडं, तारे, नाश्ता धरून की वेगळा, आणि शेवटच्या रकान्यात प्रश्न : "एर्नाकुलममध्ये स्वस्त आणि मोठं मिळतंय, फोर्ट कोचीत महाग आणि लहान. काय करू?" त्याखाली बेत. शुक्रवारी पोचायचं, दिवसभरात कोची 'करायचं', शनिवारी मुन्नार, रविवारी परत. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात : "आई बरोबर आहे, तिचे गुडघे दुखतात." अगं, हे वाक्य सगळ्यात वर हवं होतं. सात हॉटेलांपैकी पाच तिथंच बाद झाली असती.

उत्तर आधी देते. फोर्ट कोचीतच राहा, पाणी ओलांडून राहायला जाऊ नकोस. आता भांड माझ्याशी.

एर्नाकुलम हा मुख्य भूमीवरचा भाग. स्टेशन, मॉल, कचेऱ्या, चकचकीत हॉटेलं तिकडे. तू जे बघायला निघाली आहेस ते सगळं खाडीच्या पलीकडे, फोर्ट कोची आणि मट्टनचेरीत. रस्त्यानं गेलीस तर तेवरा, विलिंग्डन बेट आणि तोप्पुमपडीचे पूल धरून बारा-तेरा किलोमीटर होतात, आणि संध्याकाळी त्या पुलांवर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. बोटीनं वीस मिनिटं, हे तू लिहिलं आहेसच. पण ही वीस मिनिटं नुसती बोटीची. हॉटेल ते जेट्टी रिक्षा, तिकिटाची रांग, बोटीची वाट, उतरल्यावर पुन्हा रिक्षा, हे धरलंस की एका बाजूचा तास जातो. तुझ्या हिशेबानं एर्नाकुलममध्ये रात्रीमागे सातशे रुपये वाचतात. रोजचे दोन तास आणि चार रिक्षा त्यात मांडल्यास का?

खरं कारण तर दुपारचं आहे. कोचीची हवा दमट. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचारनंतर चालण्यात मजा आहे. मधले तास पंख्याखाली काढायचे. खोली पायी दहा मिनिटांवर असेल तर आई जेवून दोन तास पाठ टेकते आणि चार वाजता ताजी होऊन उठते. खोली पाण्यापलीकडे असेल तर तीच बाई कुठल्यातरी कॉफीच्या दुकानात ताटकळत बसते आणि पाचला म्हणते, "चला आता, पुरे झालं." मग तू म्हणणार, कोचीत विशेष काही नाही. असं म्हणणारे मला चिक्कार भेटतात. कुठं राहिला होता, एवढंच मी विचारते. उत्तर ठरलेलं असतं.

आता वार. तुझा शुक्रवार-शनिवार-रविवार हा कोचीसाठी सगळ्यात वाईट मुहूर्त आहे. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 'परदेशी सिनेगॉग', शनिवारी बंद, शुक्रवारचाही भरवसा नाही, आणि त्यांच्या सणांनाही दार लागतं. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा बघ्यांना आत सोडत नाहीत. मसाल्यांची घाऊक बाजारपेठ रविवारी झोपलेली. मुंबई-पुण्याहून लोक नेमके याच तीन दिवसांत जातात आणि बंद दारांचे फोटो काढून येतात. तू शनिवारी नेत्रावती एक्सप्रेसनं नीघ. ती रविवारी दुपारच्या सुमारास एर्नाकुलम जंक्शनला पोचते. रविवार, सोमवार, मंगळवार अशा तीन रात्री राहा. मुन्नार या खेपेला काढून टाक. १३० किलोमीटर, त्यात घाट. एका बाजूला चार तास सहज जातात. उरलेल्या वेळात चहाचे मळे गाडीच्या काचेतूनच दिसणार. आलप्पुळाच्या हाउसबोटीचा विचारही सोड. राग आला तरी चालेल. माझ्या पिढीनं पाच दिवसांत आठ गावं उरकली आणि आता अल्बम उघडला की कुठला फोटो कुठला ते कळत नाही, ही खंत आम्हाला पुरे आहे. तुम्हीही तेच करावं असं कुठं लिहिलेलं नाही.

आता खोली कशी निवडायची ते. 'फोर्ट कोची' हे नाव लांबलांबची घरंही लावतात. नकाशा उघड, सांताक्रूझ बासिलिका या चर्चवर बोट ठेव आणि तिथून घर चालत किती मिनिटं आहे ते बघ. पंधराच्या आत असेल तर पुढं बोल. परेड ग्राउंड, बासिलिका आणि बोटीची जेट्टी यांच्या मधला पट्टा सगळ्यात सोयीचा. प्रिन्सेस स्ट्रीटवर मात्र नको. दिवसा छान दिसतो, पण रात्री उशिरापर्यंत खिडकीखाली वर्दळ असते. त्याच्या मागच्या गल्ल्या शांत.

होमस्टे घे. केरळ पर्यटन खातं होमस्टेंना डायमंड, गोल्ड, सिल्व्हर अशा श्रेणी देतं. पाटी कुठली ते विचार. बुकिंगच्या आधी फोन कर, नुसते फोटो बघून पैसे भरू नकोस. तळमजल्याची खोली आहे का, हा पहिला प्रश्न. जुन्या घरांचे लाकडी जिने उभे आणि अरुंद असतात, आईला दिवसातून चार वेळा ते झेपायचं नाही. मग खिडक्यांना जाळी आहे का. हे कोचीत एसीपेक्षा महत्त्वाचं, कारण डास भयंकर. जाळी नसेल तर पलंगाला मच्छरदाणी हवीच. तिसरं, तळमजल्याला ओल आहे का. हे कोणी कबूल करणार नाही, म्हणून पावसाळ्यात राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाच आणि 'कुबट वास' शोध. नळाला पाणी चोवीस तास आहे का आणि ते खारट तर नाही ना, हेही विचार. रात्री उशीर झाला तर दार कोण उघडतं, तेही. मालक त्याच घरात राहत असेल तर या सगळ्याची उत्तरं पटापट येतात. "बघून सांगतो" असं तीनदा आलं तर फोन ठेव.

एवढ्यावरही तू म्हणशील, एर्नाकुलमच्या हॉटेलला लिफ्ट आहे. असेल. लिफ्ट बघायला चालली आहेस का?

रविवारी स्टेशनवर उतरल्यावर सामान घेऊन पुलांचा फेरा घालू नकोस. हायकोर्ट धक्क्यापर्यंत रिक्षा कर आणि तिथून वॉटर मेट्रोनं फोर्ट कोचीला जा. ही सेवा २०२३ मध्ये सुरू झाली, फोर्ट कोचीची फेरी २०२४ पासून. बोटी वातानुकूलित, आणि धक्का पाण्याबरोबर वरखाली होणारा, त्यामुळे चढताना पायरी लागत नाही. आईसाठी हे सोन्यासारखं. सरकारी जलवाहतुकीची जुनी बोट याहून कितीतरी स्वस्त, ती एकदा मौजेखातर कर, पण सामान नसताना.

एक गैरसमज काढून टाक. नावात फोर्ट आहे म्हणून सिंधुदुर्ग-जंजिऱ्यासारखा तट शोधत फिरू नकोस. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये बांधलेला किल्ला डचांनी १६६३ मध्ये घेतला, पुढं १७९५ मध्ये इंग्रज आले आणि १८०६ मध्ये त्यांनी तो पाडला. उरले ते तुटके अवशेष, बुरुजाच्या जागेवरचा बास्टियन बंगला आणि गल्ल्यांची आखणी. बघायच्या त्या गल्ल्याच. म्हणून तर पायी अंतरावर राहा म्हणते आहे.

सोमवारी पहाटे सहाला चिनी जाळ्यांपाशी जा. एकटी गेलीस तरी चालेल. संध्याकाळी तिथं फोटोवाल्यांची जत्रा असते, काम सकाळी दिसतं. नीट बघ : लांब वाशांच्या टोकाला पसरलेलं जाळं, मागं दोरांना ओळीनं बांधलेले मोठे दगड. चार-सहा माणसं मागचे दोर ओढतात, जाळं वर येऊ लागतं आणि एकेक दगड खाली टेकत जातो. त्यामुळे तोल सुटत नाही आणि एवढा अवाढव्य सांगाडा मोजक्या माणसांच्या हातात राहतो. पाण्याची खोली भरती-ओहोटीनं बदलते, म्हणून सगळी जाळी एकाच वेळी चालत नाहीत. एखादं थांबलेलं दिसलं तर बंद पडलं असं समजू नकोस. वर येतात ते मासे कधी ओंजळभर, आणि त्यात जलपर्णी आणि प्लॅस्टिकच जास्त. दोर ओढायला बोलावतील. जायचं असेल तर पैसे आधी ठरव, नंतर तोंड वाकडं करू नकोस. शेजारच्या टपऱ्यांवरची मोठी सुरमई या जाळ्यातली नव्हे, हे मालवणची माणसं सांगण्याआधीच ओळखतील. घ्यायचीच तर कल्ले उघडून बघ, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं ते विचार, आणि शिजवायचे पैसे वेगळे ते लक्षात ठेव.

नाश्ता करून सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि इथं पुरला गेला. पुढं त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, इथं शिळा तेवढी आहे. शिळा पाहून लोक मागं फिरतात. तू वर बघ. दोरीनं हलवायचे कापडी पंखे अजून टांगलेले आहेत, आणि दोरी ओढणारा बाहेर बसायचा. मग बासिलिका. आताची इमारत १९०५ ची, आतली चित्रं आंतोनियो मोशेनी या इटालियन चित्रकाराची. मंगळूरचं सेंट अलॉयशियस चॅपल रंगवणारा तोच. एवढं झालं की दहा वाजतील. घरी जा. खरंच जा.

मंगळवार मट्टनचेरीला दे. अंतर अडीच-तीन किलोमीटर. सकाळी रिक्षानं जा, आईला चालवू नकोस. पन्नास रुपयांत अख्खं कोची दाखवतो म्हणणारा रिक्षावाला तुला ओळीनं दुकानांत नेईल, कारण त्याची कमाई तिथून होते. मीटर किंवा ठरलेलं भाडं, एक जागा, बस्स.

राजवाडा बाहेरून साधा, पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून राजाला दिलेला. डचांनी डागडुजी केली म्हणून नाव डच पॅलेस. आत राजाच्या शयनगृहात रामायणाची भित्तिचित्रं आहेत. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. तिथं अर्धा तास थांब. डोळा अंधाराला सरावला की लाल-पिवळ्यातून आकृत्या सुट्या होतात. जमीन काळ्या संगमरवराची वाटते. ती जाळलेल्या करवंट्या, कोळसा, चुना, वनस्पतींचा रस आणि अंड्यातला पांढरा बलक कालवून केली आहे.

सिनेगॉग तिथून पायी पाच मिनिटं. १५६८ चं. अलिबागकडची बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, सिनेगॉग पाहिली असशील तर इथली श्रीमंती लगेच जाणवेल. चपला काढून आत जायचं, आणि पायाखालच्या निळ्या-पांढऱ्या फरशा चीनहून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाल. सिनेगॉग दुपारी दोन-तीन तास बंद असतं, म्हणून बाराच्या आधीच तिथं पोच.

बाहेरच्या गल्लीत वेलदोडे-मिरीची दुकानं आहेत. भाव पर्यटकांचे. घ्यायचं असेल तर मूठभर मिरी पाण्यात टाकून बघू द्या म्हण. पोकळ, हलके दाणे तरंगतात. केशर मात्र कोचीतून आणू नकोस, ते इथलं नाही.

उरलेला वेळ मट्टनचेरीतल्याच चेरलाई या वस्तीला दे. कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून निघालेली सारस्वत कुटुंबं इथं वसली, आणि घरांत अजून कोंकणी ऐकू येते. तिरुमल देवस्वम मंदिरात पुरुषांना उघड्या अंगानं जावं लागतं, भाऊ आला तर आधी सांगून ठेव. डच गव्हर्नर व्हान रीडनं केरळच्या वनस्पतींवर १२ खंडांचा 'हॉर्टस मलाबारिकस' काढला, तो १६७८ पासून अ‍ॅम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन कोंकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत आहे. हे ठाऊक असून चेरलाई गाळणं मला पटत नाही.

एका संध्याकाळी कथकली बघ, पण खेळाच्या तास-सव्वा तास आधी जा. रंगभूषा समोर बसून पाहता येते, आणि तांदळाच्या पिठाची ती पांढरी कड चेहऱ्यावर बसवताना पाहणं नाटकाइतकंच महत्त्वाचं. खेळ संपेपर्यंत साडेसात-आठ वाजतात. पाण्यापलीकडे राहणारे मधूनच उठून बोटीसाठी धावतात. तू धावणार नाहीस.

नोव्हेंबरच्या अखेरीस चालली आहेस, तेव्हा दुपारनंतर गडगडाटी सर येऊ शकते. छत्री ठेव, आणि आईला ओल्या फरशीवर न घसरणाऱ्या चपला घे. समुद्रात पोहायचा विचार करू नकोस, फोर्ट कोचीचा किनारा त्यासाठी नाही.

आज रजा बदलून घे, उद्या दोन घरांना फोन कर, आणि तळमजला मिळाला की मगच परतीचं तिकीट काढ. बुधवारची परतीची गाडी दुपारी असेल तर घरातून तीन तास आधी नीघ. त्या दिवशी तुलाही पाणी ओलांडायचंच आहे.

तुझी,
मावशी